पंधरा लिटर

हिरामण प्लंबर स्टुलावर चढला,
भिंतीवर दोनदा बोटाने वाजवून पाहिलं
आणि म्हणाला, ताई, टाकीचा गीझर कशाला?
आता सगळे बिनटाकीचा घेतात.
नळ उघडला की पेटतो, बंद केला की विझतो.
जागा अडवत नाही,
कोणाची वाट बघत बसत नाही.

हे शेवटचं तो सहजच बोलला,
कानामागची पेन्सिल काढता काढता.

मी व्यवहाराचं उत्तर दिलं.
आमचा मजला चौथा, गच्चीतली टाकी डोक्यावरच,
पाणी पडतं ते जेमतेम सहा फुटांवरून.
एवढ्याशा जोरावर पेटेल का तुझं यंत्र?
त्याने नळ सोडला. करंगळीएवढी धार.
बराच वेळ बघत राहिला, नाडी बघावी तशी.
नाही पेटणार, म्हणाला.

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही.

निवृत्ती अंबडला, तिसऱ्या पाळीत.
मी सिव्हिलला, सकाळच्या.
सव्वासहाला मी कुलूप लावते,
पावणेआठला तो उघडतो.
मधला दीड तास
घर त्या टाकीच्या भरवशावर.

निफाडकडची थंडी सिडकोत शिरते
तेव्हा नळाचं पाणी हाताला चावतं.
लेथवरचं ऑइल गार पाण्याने निघत नाही,
नुसतं पसरतं, कोपरापर्यंत.
म्हणून मी दोन तांबे कमी घेते अंगावर,
बटण बंद करते
आणि निघते.
चिठ्ठी लिहायची सवय आम्हा दोघांनाही नाही.

माहेरी पिंपळगावला बंब होता.
त्याचा एकच नियम:
ज्याने गरम काढलं त्याने तेवढंच गार ओतायचं.
विसरलं की मागचा ओरडायचा.
ह्या टाकीत पाणी आपसूक भरतं,
कोणाला काही आठवावं लागत नाही.
ते मला अजून थोडं चुकल्यासारखंच वाटतं.

हिरामण म्हणाला, पण ऊब सगळी भिंतीत जाते हो,
पैसे फुकट.
भिंतीत जाते ना, जाऊ दे.
त्या भिंतीला लावलेल्या खिळ्यावर
निवृत्तीचे पायमोजे वाळतात.

त्याने पंचवीस लिटरची सुचवली.
माणसं किती घरात?
मी म्हटलं, दोन.
मग थांबून म्हटलं, एका वेळी एक.
त्याने पेन्सिलीने भिंतीवर पंधरा लिहिलं.
आकडा अजून आहे तिथे, टाकीच्या मागे,
मान वाकडी केली तर दिसतो.

सहा हिवाळे गेले असे.
बोअरच्या पाण्याने आत खडी धरली,
व्हॉल्व्ह ठिबकायला लागला, आम्ही खाली मग ठेवला.
मग ह्या वर्षी, संक्रांतीच्या आठवड्यात,
कंपनीने त्याला पहिल्या पाळीत टाकलं.

पहिल्याच सकाळी तो आधी गेला.
मी गेले मागून. डोळ्यांना साबण,
आणि धार कोमट, मग गार,
मग इतकी गार की मी जी ओरडले
ती तिसऱ्या मजल्यावरच्या खैरनारबाईंनी ऐकलं म्हणे.
सगळं संपवलंस तू!
बाहेरून आवाज, मला काय माहीत केवढं असतं?
सहा वर्षं मी तुझ्यासाठी अर्धं ठेवतेय!
बाहेर एकदम शांत.

मग गॅसच्या लायटरचे आवाज, तीन वेळा.
मग बराच वेळ काही नाही.
मी टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून,
पाटावर उकिडवी, दात वाजत,
सातची पाळी चुकणार हे माहीत असून.

दार थोडं किलकिलं झालं.
पातेलं आत आलं, दोन चिमटे लावलेलं.
त्यातलं पाणी फार नव्हतं,
आणि जरा जास्तच तापलेलं.
गार घालून घे, तो म्हणाला.